सब-ज्युनिअरला चमकलेली हॉकीतली पोरं पुढे कुठे गळतात

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा पंधरा वर्षांचा, नागपुरात नववीला, लेफ्ट-इन, म्हणजे आघाडीत डावीकडे खेळतो. यंदा सब-ज्युनिअर, म्हणजे १६ वर्षांखालच्या संघात निवड झाली. मैदानावरची जुनी मंडळी म्हणतात, हा पोट्टा इंडिया खेळेल. त्याच मंडळींच्या तोंडी अशीही नावं येतात, की जी या वयात याच्याहून सरस होती आणि आज मैदानावर दिसत नाहीत. ती पोरं कुठे मागे पडली? आणि दहावीनंतर मुलाला बाहेरच्या अकादमीत धाडावं का?

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट लागलं की दुसऱ्याचं आपोआप लागतं, म्हणून पहिल्यावरच जास्त लिहितो. पंधराव्या वर्षी आपण मुलाचं जे मोजतो आणि एकविसाव्या वर्षी सिनिअर संघ जे मागतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधली सतरा ते बावीस ही वर्षं ज्याला टर्फ (कृत्रिम मैदान), योग्य जागा, धड शरीर आणि पोटापाण्याची सोय या चारही गोष्टी वेळेवर देतात, तो पुढे जातो. एखादीच चुकली तरी चांगला खेळाडू मागे पडतो. बहुतेकांच्या बाबतीत अंगातला खेळ कमी पडलेला नसतो.

आधी देशातलं सर्वांत वरचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१६ मध्ये लखनौला भारताने बेल्जियमला २-१ हरवून ज्युनिअर विश्वचषक जिंकला. १८ जणांचा संघ, प्रशिक्षक हरेंद्र सिंग. त्या १८ पैकी टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रत्यक्ष मैदानावर उतरले सात: हरमनप्रीत, सुमित, नीलकांत शर्मा, गुरजंत, मनदीप हे मूळ सोळात, आणि वरुण कुमार व सिमरनजीत हे राखीव म्हणून गेलेले. कृष्ण पाठक राखीव गोलरक्षक होता. जगज्जेत्या संघाचे अठरातले सात ऑलिंपिकला पोचले आणि हे प्रमाण फार चांगलं मानलं जातं. कर्णधार हरजीत सिंग मात्र त्यात नव्हता. ट्रकचालकाचा मुलगा, मिडफिल्डमध्ये अतिशय शांत डोक्याचा खेळाडू, पण सिनिअर संघात त्याला मोजकेच सामने मिळाले. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या शूटआउटमध्ये गोल राखणारा विकास दहियाही सिनिअर संघात स्थिरावला नाही.

उलट बाजू २०१३ ची. दिल्लीतल्या ज्युनिअर विश्वचषकात भारत दहावा आला. त्या पडलेल्या संघाचा कर्णधार मनप्रीत सिंग, म्हणजे टोकियोत ४१ वर्षांनी पदक आणणाऱ्या संघाचाही कर्णधार. अमित रोहिदास, सुरेंदर कुमार, मनदीप हेही त्याच २०१३ च्या संघातले. रोहिदास तर सिनिअरला एकदा येऊन बाहेर गेला आणि २०१७ ला परत आला. तेव्हा ज्युनिअरच्या चषकावरून सिनिअरचा अंदाज बांधू नका. देशातल्या निवडलेल्या अठरांचं हे असं आहे, तिथे जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या मुलांची गळती किती असेल ते समजून घ्या.

पहिली गफलत वयाची. खोट्या दाखल्यांचा विषय बाजूला ठेवतो, तो वेगळा आहे. खऱ्या वयातही फार अंतर असतं. १६ वर्षांखालच्या गटाची कटऑफ तारीख १ जानेवारी असेल, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला यांच्यात जवळपास वर्षाचा फरक पडतो. त्यात मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी, आणि त्यातही कुणाची बाराव्यातच सुरू होते तर कुणाची पंधराव्यात. लवकर वाढलेला मुलगा सब-ज्युनिअरला पळून आणि ढकलून जिंकतो. अठराव्या वर्षी बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात आणि त्याच्या हातात दुसरं काही उरत नाही. मागून वाढणारा मुलगा तोवर डोक्याने खेळायला शिकलेला असतो, फक्त कुणी त्याला संघात ठेवलेलं असेल तर.

यासाठी घरी एक वही करा. दर तीन महिन्यांनी सकाळी, अनवाणी, भिंतीला टाच लावून उंची घ्या, वजन घ्या, तारीख टाका. वर्षात सात-आठ सेंटिमीटर वाढ होत असेल तर मुलगा अजून वाढीत आहे. वर्षभरात सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर आला असेल तर त्याची वाढ बहुतेक झाली. आजची त्याची ताकद ही त्याची शिल्लक नाही, ती खर्च होत असलेली आघाडी आहे असं धरून चाला. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय काढता येतं, पण प्रशिक्षकाला वहीतला आलेख बहुतेक वेळा पुरतो.

दुसरी गोष्ट टर्फ. विदर्भातल्या मुलांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून सविस्तर.

१९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून वरची हॉकी कृत्रिम मैदानावर खेळली जाते. मुरमाड किंवा गवताच्या मैदानावर चेंडू उसळतो, थांबतो, दिशा बदलतो. मुलगा स्वतःला सावरायला स्टिक उभी धरतो, चेंडू पायाजवळ ठेवतो, कमरेतून थोडाच वाकतो आणि डॉजवर डॉज घालत दोघा-तिघांना काढतो. अशा मैदानावर हे योग्यच आहे, कारण तिथे पास देणं धोक्याचं असतं. टर्फवर सगळं उलटतं. ताशी ६० किलोमीटरने सुटलेला पास २० मीटरचं अंतर १.२ सेकंदात कापतो. तेवढ्यात मुलाने बघायचं, ठरवायचं आणि चेंडू थांबवायचाही. त्याच्यावर धावून येणारा बचावपटूही टर्फवर जास्त वेगाने येतो. तीन डॉज घालणाऱ्याचा दुसऱ्याच डॉजला चेंडू जातो आणि समोरचा संघ पाच सेकंदांत आपल्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात असतो. ट्रायलला निवड समिती हे पहिल्या दहा मिनिटांत ओळखते.

काय बिघडतं ते नेमकं सांगतो. पहिलं, थांबवण्याची जागा. मातीवरचा मुलगा चेंडू दोन पायांच्या मध्ये, अंगाखाली घेतो. टर्फवर तो उजव्या पायाच्या पुढे, बाजूला, पुढच्या चालीच्या दिशेने घ्यावा लागतो. दुसरं, बसणं. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, डावा हात खाली, स्टिक जवळजवळ आडवी, ही बैठक साठ मिनिटं टिकवायला मांड्या आणि कुल्ले तयार लागतात. तिसरं, रिव्हर्स. डाव्या बाजूने आलेला चेंडू उलट्या स्टिकने घेणं आणि तसाच मारणं हे लेफ्ट-इनला टाळताच येत नाही. मातीवर रिव्हर्स हिट मारली की स्टिकची कडा जमिनीत रुतते, म्हणून मुलं ती शिकतच नाहीत. चौथं, मान. चेंडू येण्याआधी दोनदा खांद्यावरून मागे बघायची सवय. हे कुठल्याही मैदानावर शिकवता येतं आणि तरी सगळ्यांत कमी शिकवलं जातं.

टर्फ रोज मिळत नसेल तर गुळगुळीत सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट धरा. २८ बाय १५ मीटर जागा असते, दोन-चार मुलांना भरपूर. सकाळी झाडून घ्या, बारीक खडा राहू देऊ नका. जुनी स्टिक वापरा आणि टोकाला दोन पदर टेप लावा, कारण सिमेंटवर टोक झिजतं. दोघांत १२ मीटर अंतर, २० पुशचा (स्टिक न उगारता ढकललेल्या पासचा) एक सेट, असे पाच. पहिला सेट समोरून घेऊन थांबवणं, दुसरा घेतानाच ४५ अंशांत उजवीकडे वळवणं, तिसरा डावीकडे, चौथा रिव्हर्सवर, पाचवा धावत येत घेणं. थांबल्यावर चेंडू एका पावलाच्या आत, म्हणजे साधारण मीटरभरात राहिला तर बरोबर धरा. वीसातले सतरा बरोबर आले की अंतर न बदलता पुशचा वेग वाढवा. वेग वाढल्यावर दहा-बारावर घसरतं, ते घसरू द्या, तीन आठवड्यांत परत वर येतं. पास देणाऱ्याच्या मागे तिसऱ्याने हाताची बोटं वर करायची आणि चेंडू लागण्याआधी मुलाने आकडा ओरडून सांगायचा. मान वर ठेवायला याहून सोपा उपाय नाही.

पण कोर्ट टर्फची जागा घेत नाही. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकी दहा ते चौदा दिवस सलग टर्फवर काढा. पुण्यात बालेवाडी आहे, पिंपरी-चिंचवडचं नेहरूनगर आहे. नागपूरहून त्याहून जवळ राजनांदगाव पडतं, हावडा लाइनवर तीन-साडेतीन तास. स्पर्धेच्या दोन दिवस आधी टर्फवर पाय ठेवणाऱ्या संघाला पहिल्या सामन्यानंतर पोटऱ्या आणि मांडीच्या मागचे स्नायू धरतात, तळव्याला फोड येतात आणि दुसऱ्या सामन्यात निम्मी मुलं लंगडतात. फुटबॉलचे स्टड घालून जाऊ नका. बारीक गोट्यांचे टर्फचे बूट हवेत, आणि ते आधी आठवडाभर घालून सैल केलेले.

आपल्या शेजारी विवेक सागर प्रसादचं उदाहरण आहे. इटारसीजवळच्या गावातला मुलगा भोपाळच्या मध्य प्रदेश अकादमीत लहान वयात गेला, टर्फवर वाढला, खांद्याच्या दुखापतीने मधला काळ गेला तरी २०१८ मध्ये सतराव्या वर्षी सिनिअर खेळला. पुढे टोकियो आणि पॅरिस दोन्ही पदकं. आपल्या राज्यातल्या फलटण भागातल्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या मुलीही क्रीडा प्रबोधिनीतून टर्फवर आल्या आणि भारतीय संघापर्यंत पोचल्या. खेड्यातून येणं आड येत नाही. टर्फ उशिरा मिळणं आड येतं. अठराव्या वर्षी पहिल्यांदा रोजचं टर्फ मिळालेल्या मुलाला जुन्या सवयी मोडायलाच दोन वर्षं लागतात, तोवर ज्युनिअरचं वय सरतं.

तिसरी गोष्ट जागा, म्हणजे संघात तो नेमका कशासाठी हवा. ऑलिंपिकला संघ सोळाचा. त्यात टोकियो आणि पॅरिसला आपण एकेकच गोलरक्षक नेला. उरले पंधरा. पेनल्टी कॉर्नर (डीमधल्या फाउलबद्दल मिळणारी गोलची संधी) मारणारे दोन, ते शक्यतो बचावफळीतले. म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या आघाडीच्या खेळाडूंना चार-पाच जागा, आणि देशातला प्रत्येक जिल्ह्याचा लाडका मुलगा नेमका तिथेच खेळतो. लेफ्ट-इन, राइट-इनची रांग सर्वांत लांब असते. राइट बॅक (बचावात उजवीकडे), लेफ्ट हाफ (मधल्या फळीत डावीकडे) या जागांवर चांगली मुलं कमी असतात, कारण गावात कुणी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत नाही.

तुमच्या मुलाला लेफ्ट-इनवरून काढा असं म्हणत नाही. सोळा ते अठरा या वयात त्याला दुसरी एक जागा पक्की शिकवा. लेफ्ट-इन खेळणाऱ्याला लेफ्ट हाफ सोपं जातं. मैदानाची तीच बाजू, तेच रिव्हर्स. शिवाय त्याला टॅकल येईल. प्रतिस्पर्ध्याच्या पायांकडे न बघता चेंडूकडे बघत, डावीकडे ढकलत नेऊन मग एका हाताने जॅब, म्हणजे स्टिकचा झटकन टोचा. टॅकल येणाऱ्या फॉरवर्डला कुठलाही प्रशिक्षक आधी घेतो, कारण आता चेंडू गेल्यावर पहिला बचाव फॉरवर्डच करतो.

गोलरक्षकांच्या पालकांनी तर रांग बघूनच ठरवावं. श्रीजेश २००६ ते २०२४ खेळला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या मुलांपैकी पाठकला जागा मिळाली ती श्रीजेश निवृत्त झाल्यावर. बाकीच्यांची उमेदीची वर्षं वाट बघण्यात गेली, त्यांच्या खेळात खोट होती असं नव्हे. प्रशिक्षक बदलले की रांगाही बदलतात. सप्टेंबर २०१७ ते एप्रिल २०१९ या काळात भारतीय पुरुष संघ ओल्टमन्स, मरीने, हरेंद्र सिंग आणि ग्रॅहम रीड अशा चार हातांतून गेला. नुकत्याच ज्युनिअरमधून आलेल्या मुलासाठी हा काळ कठीण असतो, प्रत्येक नव्या प्रशिक्षकापुढे त्याला शून्यापासून उभं राहावं लागतं. यावर पालक काही करू शकत नाहीत. मुलाला दोन जागा येत असतील तर तो बदलात तगतो, एवढंच हातात आहे.

उशिरा येणाऱ्यांसाठीही दार असतं. अटारीचा जुगराज सिंग ज्युनिअर विश्वचषक न खेळता, नौदलात नोकरी करत, २०२२ मध्ये पंचविशीच्या आसपास भारतीय संघात आला, कारण त्याच्याकडे ड्रॅग फ्लिक होती, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला चेंडू स्टिकने ओढत गोलवर उडवण्याचं कसब. २०२४ च्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात चीनविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच. एक दुर्मीळ कौशल्य असेल तर वय थोडं माफ होतं.

त्याच नावाचा आधीचा जुगराज सिंग मात्र शरीराच्या मुद्द्यावर आणतो. २००१ ला होबार्टमध्ये अर्जेंटिनाला ६-१ हरवून ज्युनिअर विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला तो, जगातल्या उत्तम ड्रॅग फ्लिकरांत गणला गेलेला. २००३ मध्ये कारच्या अपघातात जायबंदी झाला आणि वयाच्या विशीतच त्याची कारकीर्द संपली. अपघात कुणाच्या हाती नसतो. पण मुलांचं शरीर जास्त वेळा मोडतं ते सरावात, हळूहळू, आणि ते आपल्या हाती असतं.

ड्रॅग फ्लिकचंच घ्या. पेनल्टी कॉर्नरला पहिली हिट गोलातल्या फळीच्या, म्हणजे ४६ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. फ्लिकला ती मर्यादा नाही. म्हणून प्रत्येक मुलाला फ्लिक हवी असते. डावा पाय लांब टाकायचा, चेंडू उजव्या पायाच्या मागून उचलून डाव्या पायापुढे ओढायचा, आधी कंबर फिरते, मग खांदे, शेवटी हात. मुलगा गुडघे न वाकवता, पाठीतून उचलून फेकतो तेव्हा सगळा पिळा कमरेच्या खालच्या मणक्यावर येतो. चौदा ते सतरा वयात हाड पुरतं पक्कं नसतं आणि तिथे बारीक चीर पडते. लक्षण ठरलेलं: एका पायावर उभं राहून मागे वाकलं की कमरेत एका बाजूला दुखतं, विश्रांतीने थांबतं, खेळलं की परत येतं. दोन आठवडे असं राहिलं तर हाडांच्या डॉक्टरकडे न्या. मालिश आणि बाम यांवर महिने घालवू नका. वेळेवर कळलं तर तीन ते सहा महिन्यांत मुलगा परत खेळतो. उशीर झाला तर फ्लिक कायमची सुटते.

या वयात आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा, आणि एका वेळी २५ ते ३० फ्लिक, यापुढे मी जाऊ देत नाही. एकूण खेळाचे तास आठवड्याला मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत: पंधरा वर्षांचा तर पंधरा तास, त्यात शाळेची पीटी, क्लबचा सराव, सामने सगळं धरून. आपल्याकडे शाळेचा संघ, क्लबचा संघ आणि जिल्ह्याचा संघ असे तीन प्रशिक्षक एकाच मुलाला एकाच आठवड्यात पळवतात आणि कुणालाच एकूण बेरीज माहीत नसते. ती बेरीज घरच्या वहीत लिहा.

गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत सामना नको. बिरेंद्र लाकडाचं गुडघ्याच्या दुखापतीने रिओ हुकलं, पण तो धीराने परतला आणि टोकियोत पदक घेऊन आला. सहाव्या महिन्यात ट्रायल आहे म्हणून मैदानात उतरवलेली मुलं पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातात.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको, पण सराव सकाळी साडेसातच्या आत संपवा. सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, त्यात मीठ-साखर किंवा ओआरएस. ५५ किलोच्या मुलाचं एक किलोहून जास्त घटत असेल तर तो सरावाच्या शेवटच्या अर्ध्या तासात काहीच शिकत नाहीये. जेवणात प्रथिनं दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास: चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, तीस ग्रॅम सोया वडी १५, दोन वाट्या घट्ट वरण १४, पाच पोळ्या १५. महाग डब्यांची गरज नाही.

दमाची चाचणी घरच्या घरी होते. यो-योमध्ये २० मीटर जाऊन परत, मग १० सेकंद विश्रांती, सुरुवात ताशी १० किलोमीटरने, बीपबरोबर वेग वाढत जातो. मोबाइलवर बीप मिळतात. आकडा किती आला यापेक्षा दर तीन महिन्यांनी वाढतोय का ते बघा. सतराव्या वर्षी आकडा थांबला तर त्याचा सराव कुठेतरी चुकतोय.

आता पैसा. पुष्कळ चांगली पोरं इथेच सुटतात, आणि घरच्यांना त्याचा आधी अंदाज नसतो. हॉकीत व्यावसायिक कारकीर्द म्हणजे बहुतांशी डिपार्टमेंटची नोकरी. लीगचा भरवसा राहिलेला नाही. प्रीमिअर हॉकी लीग २००५ ते २००८ चालली. वर्ल्ड सिरीज हॉकी २०१२ ला एकच हंगाम झाली, तिला आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती. हॉकी इंडिया लीग २०१३ ला सुरू झाली, २०१७ ला थांबली आणि थेट डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. लखनौचे जे जगज्जेते १९९५ ते ९७ चे आहेत, ते लीग परतली तेव्हा सत्तावीस ते एकोणतीसचे झाले होते. त्यांच्या उमेदीच्या सात वर्षांत देशात लीगच नव्हती. परतलेल्या हंगामात पुरुषांचे आठ संघ, प्रत्येकी २४ खेळाडू, त्यांत १६ भारतीय आणि त्यांतले ४ ज्युनिअर सक्तीचे. मूळ बोली २, ५ किंवा १० लाख, सर्वांत मोठी हरमनप्रीतची ७८ लाख. देशभरातून सव्वाशे-एकशेतीस भारतीय मुलं, त्यातली बरीच दोन लाखांवर. दोन लाखांत वर्ष निघत नाही. चांगली कंपोझिट स्टिकच दहा हजारांच्या पुढे जाते आणि वर्षात दोन लागतात.

म्हणून नोकरी. रेल्वे, तेल कंपन्या, सैन्यदलं, पोलीस, बँका, कॅग (केंद्राचं लेखापरीक्षण खातं). रेल्वेच्या खुल्या क्रीडा भरतीत वय १८ ते २५. नागपुरात मध्य रेल्वेचा आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा असे दोन विभाग आहेत, पण त्यांच्या भरतीच्या जाहिराती अनुक्रमे मुंबईहून आणि बिलासपूरहून निघतात, दोन्हीकडे लक्ष ठेवा. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून तपासून घ्यावं लागतं. केंद्राच्या नोकऱ्यांत खेळाच्या प्रमाणपत्राचे ठरलेले नमुने असतात: नमुना २ म्हणजे राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा, नमुना ३ विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ, नमुना ४ शालेय राष्ट्रीय. स्पर्धा झाली त्याच महिन्यात प्रमाणपत्र हातात घ्या. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी अक्षरशः जुळते का ते बघा. पाच वर्षांनी चूक दुरुस्त करायला गेलात तर सही करणारा पदाधिकारी बदललेला असतो.

नोकरीतही एक खड्डा आहे. एकोणिसाव्या वर्षी नोकरी लागली, घरचे सुटले, मुलगा वर्षाला दोन-तीन स्पर्धा खेळतो आणि बाकीचे महिने हजेरीपुरता सराव. बावीसपर्यंत त्याचा दम घसरतो आणि राष्ट्रीय शिबिराची दारं बंद होतात. याला मी चूक म्हणत नाही, घरचं कर्ज फेडणाऱ्या मुलाला कुणी काय म्हणावं. पण ज्याला पुढे खेळायचं आहे त्याने नोकरी घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: संघ वर्षभर टर्फवर सराव करतो का, शिबिरासाठी पगारी रजा मिळते का, आणि पोस्टिंग संघाच्याच गावात असते का.

आणि शिक्षण. बारावी आणि पदवी सुटली की नमुना ३ चा रस्ताही सुटतो, कारण विद्यापीठाच्या संघात खेळायला प्रवेश लागतो. नागपूर विद्यापीठाकडून पश्चिम विभाग, तिथून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, ही पायरी अठरा ते बावीस या अडचणीच्या वयात मुलाला सामने देते. राज्याच्या संघात जागा न मिळालेल्या मुलासाठी ती फार मोलाची आहे.

आता अकादमीचं. पाठवा, पण दहावीची वाट बघायची गरज नाही आणि घाईही नको. ट्रायलला जाण्याआधी स्वतः दोन दिवस तिथे जाऊन बघा. टर्फवर एका वेळी किती मुलं असतात? चाळीसच्या वर असतील तर तुमच्या मुलाला दिवसात पन्नास वेळाही चेंडू लागणार नाही. फिजिओ रोज असतो की महिन्यातून एकदा येतो? मुलं कोणत्या शाळेत जातात, आणि शाळेत खरंच बसतात का? गेल्या तीन वर्षांत जी मुलं अठरा पूर्ण करून बाहेर पडली ती आज कुठे आहेत? फोटो लावलेल्या दोघांची नावं सांगतील, बाकीच्यांची विचारा. जखमी झालेल्या मुलाला घरी पाठवतात की ठेवून बरं करतात, हे तिथल्या मुलांना एकटं गाठून विचारा, कार्यालयात नको. खेलो इंडिया या केंद्राच्या योजनेत निवड झाली तर महिन्याला १० हजार रुपये हातखर्च आणि प्रशिक्षण, आहार, शिक्षण धरून वर्षाला ६.२८ लाखांपर्यंतची तरतूद असते. त्यामुळे जिथे ही मान्यता आहे त्या अकादमीला आधी प्राधान्य द्या.

यंदाच्या वर्षात, नागपुरात राहूनच, मुलाकडून एवढं करून घ्या: दिवाळीत टर्फवर चौदा दिवस, आठवड्यातून तीन सकाळी कोर्टवर शंभर पुश, क्लबच्या सराव सामन्यांत दर तिसरा सामना लेफ्ट हाफला, आणि वही. मार्चमध्ये वहीतली उंची, यो-योचा आकडा आणि वीसातले किती बरोबर हे तिन्ही आकडे घेऊन अकादमीच्या ट्रायलला जा.